खडीखालची चंद्रकोर

सुरेखा कोळपे माझ्याआधी काँक्रीटच्या आत जाऊन आली, हे मी तिला अजून माफ केलेलं नाही.

काँक्रीट हा माझा प्रांत होता. शिरूरजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हा विषय मी शिकवायचो, टेस्टिंग लॅब माझ्या ताब्यात होती, आणि शिरूरपासून पार दौंडपर्यंत कुणाच्या स्लॅबला भेग गेली, कुणाचा कॉलम पोकळ वाजला की फोन मला यायचा. "शितोळे सर, एकदा डोळ्याखालनं घाला." या एका वाक्यासाठी मी कित्येक रविवार घालवले आहेत. गेल्यावर खुर्ची टाकली जायची, चहा यायचा, मी कॉलमवरून हात फिरवून चेहरा गंभीर करायचो आणि आजूबाजूची माणसं श्वास रोखून उभी राहायची. त्या चेहऱ्याची मला सवय लागली होती. डॉक्टरला जो मान मिळतो तो मला मिळायचा, आणि रोगी दगडाचा असल्यामुळे तक्रार करायला कधी उठायचा नाही.

अशात ही बाई आमच्या डिपार्टमेंटला रुजू झाली. माझ्याहून बरीच लहान, बुटकी, चालण्यात घाई, ओढणीला कायम दगडाची भुकटी लागलेली. कुर्त्याच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. कॉलेजात मी तिला "तुम्ही" म्हणायचो, मनात मात्र "ती"च म्हणायचो. इथे मनातलंच लिहितोय, तेव्हा ती.

तिची डॉक्टरेट होती ती एक्स-रे लावून काँक्रीटच्या आतली रचना बघण्यावर. म्हणजे हाडाचा फोटो काढतात तसंच, फक्त एका बाजूनं नाही. काँक्रीटचा तुकडा यंत्रात हळूहळू फिरवायचा, सगळ्या बाजूंनी किरण सोडायचे, मग त्या शेकडो फोटोंवरून कॉम्प्युटर आतले पापुद्रे जुळवतो. कुठे खडी आहे, कुठे सिमेंटचा गारा, कुठे हवेची पोकळी, सगळं जिथल्या तिथे. त्यावरून तुकड्याचं एक मॉडेल तयार होतं आणि त्या मॉडेलवर कॉम्प्युटरातच भार टाकून बघता येतो. खरा तुकडा टेबलावर जसाच्या तसा राहतो.

आता माझी विद्या काय होती? काँक्रीटचा ठोकळा दाबयंत्रात ठेवायचा, फुटेपर्यंत दाबायचा आणि आकडा लिहायचा. उभ्या जन्मात मी काँक्रीट फोडूनच ओळखलं. आणि ही म्हणत होती, फोडायचं कशाला?

मुलाखतीच्या पॅनेलवर मी होतो. "हे सगळं ठीक आहे, पण इथे ते यंत्र कुठून आणणार?" असं मी तिला विचारलं होतं. प्रश्न विचारताना मला फार बरं वाटत होतं. ती म्हणाली, "बघू की सर. कुठं ना कुठं असंलच." मला वाटलं, हिचा विषय इथेच मिटला.

तिला वस्तूंच्या आत डोकावायची खोडच होती. कँटीनमधला वडा ती तोंडात घालायची नाही. आधी स्टीलच्या पट्टीनं त्याच्या चकत्या करायची आणि मिरचीचा तुकडा कुठल्या चकतीत सुरू झाला, कुठल्या चकतीत संपला ते बघायची. तोवर आमची चटणी संपलेली असायची. कपाट, टेबल, नवा दरवाजा, प्राचार्यांच्या केबिनचं पार्टिशन, सगळ्यावर टकटक करून कान लावायची. पार्टिशन पोकळ निघालं तेव्हा तिनं ते प्राचार्यांना तोंडावर सांगितलं. मी सांगितलं असतं तर मेमो आला असता. तिला त्यांनी चहा पाजला.

तिचे वडील-आजोबा मेंढरं राखणारे. दौंड तालुक्यात एका ओढ्याकाठी त्यांची वस्ती, आता सगळे शेती करतात. आजोबा मेंढीच्या पोटावर हात ठेवून आत कोकरू एक की दोन ते सांगायचे, हे ती भेटेल त्याला सांगायची. प्रत्येक वेळी ऐकणारा म्हणायचा, "अच्छा! म्हणून तुम्ही या विषयाकडे वळलात!" मला ही गोष्ट बनवलेली वाटते. पण ती इतकी चांगली बनवली आहे की तिचाही मला राग येतो.

वर्गात तिनं एकदा शेंगदाण्याचा मोठा लाडू आणला. धारदार सुरीनं त्याचे पातळ काप केले, काचेवर ओळीनं मांडले आणि पोरांना प्रत्येक कापाचा मोबाईलवर फोटो काढायला लावला. मग ते फोटो एकावर एक चढवून लाडवातला प्रत्येक दाणा कुठे बसलाय ते शोधायचं. गूळ म्हणजे सिमेंट, दाणे म्हणजे खडी. माझ्या तासाला मागच्या बाकावर डोकं टेकून झोपणारी पोरं त्या दिवशी कापांवरून भांडत होती. मी दारातून हे बघितलं आणि कुणाला तरी शोधत असल्यासारखा पुढे निघून गेलो.

आणि यंत्र तिला सापडलं. रांजणगावच्या एका कंपनीत गाड्यांचे अॅल्युमिनियमचे भाग ओततात. ओतकामात आत हवेचे फुगे राहिले का ते बघायला त्यांच्याकडे एक्स-रेचं मोठं यंत्र होतं. तिथला क्वालिटीचा माणूस आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. म्हणजे माझाही. त्यानं मला कधी साधी कंपनी दाखवायला नेलं नव्हतं. तिनं मात्र एका फोनवर साहेबांची परवानगी मिळवली, गुरुवारी साप्ताहिक सुट्टीला यंत्र रिकामं असेल तेव्हा वापरायची.

एका गुरुवारी मीही गेलो. कुतूहल म्हणून गेलो असं तिला सांगितलं. यंत्र चालवणारा बिहारी ऑपरेटर तिला बघून हसला. "क्या मैडम, आज फिर पत्थर?"

"फिर पत्थर, भैया. बिठा दो."

मनगटाएवढ्या जाडीचा काँक्रीटचा दंडगोल शिशाच्या दारामागे गेला. त्याला कोअर म्हणतात, तयार बांधकामातून ड्रिलनं कापून काढतात. बऱ्याच वेळानं पडद्यावर पहिला काप उमटला. आपला काळा दगड, ज्याची खडी मी आयुष्यभर काळी बघितली, तो तिथे पांढरा दिसत होता. त्यात लोहाचा अंश जास्त, किरण अडतात, म्हणून पांढरा. सिमेंट राखाडी, आणि पोकळ्या काळ्या कुळकुळीत. ती एकेक काप पुढे सरकवत होती आणि खडीचे दाणे उगवत होते, मोठे होत होते, मावळत होते. मी या विषयाची एवढी वर्षं भाकरी खाल्ली आणि त्याचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून.

"कसं वाटलं सर?" तिनं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण शेवटी आकडा महत्त्वाचा."

ते तिनं मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात ती तोच कोअर घेऊन माझ्या लॅबमध्ये आली. त्याच्या अंगावर निळ्या खडूनं एक वाकडीतिकडी रेघ होती. "मॉडेल म्हणतंय, भेग इथनं जाणार. लावा तुमच्या यंत्राला."

सगळं डिपार्टमेंट जमलं. मी कोअर बसवला आणि भार चढवायला लागलो. देवाशप्पथ सांगतो, इतक्या मनापासून मी पोराच्या दहावीलाही प्रार्थना केली नव्हती. रेघेवरून जाऊ नको, दुसरीकडून जा, कुठूनही जा. आणि कोअर फुटला. भेग निम्म्यापर्यंत रेघेला धरून गेली आणि मग सरळ दुसरीकडे वळून खाली उतरली.

मी तोंड पाडून सहानुभूतीचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात ही ओरडली, "चुकलं! सर, बघा की, चुकलं!" तिचे डोळे चमकत होते. तिनं तुकडे ओढणीत गोळा केले आणि भेग जिथे वळली तिथे भिंग लावून तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली. "हितं कायतरी हाय. हितं कायतरी हाय जे मला दिसलं न्हाई." पोरं तिच्याभोवती वाकली. जिंकलो होतो मी, आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. चुकल्यावर माणूस इतका खूश होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मला ते अजून जमलेलं नाही.

आणखी एक खोड सांगायची राहिली. कुठलाही तुकडा हातात आला की तिचा पहिला प्रश्न, "वर कुठलं?" बांधकामात असताना त्याची आकाशाकडची बाजू कुठली होती, हे तिला कळायला हवं असायचं. ड्रिलवाल्यांना ती प्रत्येक कोअरवर बाण काढायला लावायची. आम्ही तिला मागे "बाणवाली" म्हणायचो. मीच ते नाव पाडलं होतं.

मग तिच्या मामाच्या पुलाचं प्रकरण आलं.

तिच्या वस्तीवर ओढ्यावर पूल नव्हता. पाऊसकाळात पोरांची शाळा बुडायची, दूध डेअरीला पोचायचं नाही. शेवटी लोकांनी वर्गणी काढून, श्रमदान करून छोटा पूल बांधायला घेतला. पुढाकार तिच्या सख्ख्या मामाचा, बिरामामाचा. मामाचं गुऱ्हाळ होतं. सिमेंटच्या गोण्या त्याच्याच गुऱ्हाळाच्या शेडमध्ये ठेवल्या होत्या आणि किल्ली त्याच्याच कनवटीला.

पुलाचा मधला खांब नासला. सेंट्रिंग काढलं तर मधला पट्टा नखानं उकरावा असा निघाला. थोडे दिवस थांबून बघितलं, जरा घट्ट झाला, पण दम धरेना. कोअर काढून माझ्याकडे आले. मी ते फोडले, आकडे फार कमी आले, तसं मी लिहून दिलं. वस्तीवरच्या लोकांनी विचारलं, "असं कशानं व्हतं सर?" मी म्हणालो, बहुतेक वेळा सिमेंट कमी पडल्यानं होतं. ते बहुतेक वेळा खरंच असतं.

पण वस्तीवर त्याचा अर्थ एकच झाला. गोण्या कुणाच्या शेडमध्ये होत्या? किल्ली कुणाकडं होती? बिरामामानं सिमेंट खाल्लं. माणसं त्याच्या गुऱ्हाळावर यायची बंद झाली. ज्या माणसाच्या शब्दावर साऱ्या वस्तीनं वर्गणी दिली, तो देवळात आला की लोक बोलणं थांबवायला लागले.

ती माझ्याकडे आली तेव्हा एक कोअर फोडायचा शिल्लक होता. "तेवढा मला द्या सर." मी दिला. त्यावर बाण होता. वस्तीवर जाऊन ड्रिलवाल्याच्या मागे लागून तिनंच तो बाण काढायला लावला होता.

रांजणगावहून ती परत आली आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. खांबातून आडवा काढलेला तो कोअर नेमका सांध्यावरचा होता, चांगला भाग संपून नासका पट्टा सुरू होतो तिथला. बाणाप्रमाणे त्याचा खालचा भाग छान, खडी सगळीकडे सारखी पसरलेली. वरच्या भागात मात्र खडी बुडाशी जाऊन बसलेली आणि प्रत्येक दाण्याच्या खाली एक काळी चंद्रकोर. दाण्याच्या वर नाही, बाजूला नाही, प्रत्येकाच्या खालीच.

"पाणी," मी म्हणालो. तेवढं मलाही कळत होतं. गारा वेळेवर आवळला नाही, घट्ट झाला नाही की जड खडी खाली बसते, पाणी वर चढायला बघतं आणि दाण्यांच्या पोटाखाली अडकून राहतं.

"व्हय ना? आन् हे बघा." तिनं मॉडेलमधल्या राखाडी भागाचा हिशोब दाखवला. वर आणि खाली, सिमेंटचा गारा तेवढाच होता. "सिमेंट कमी न्हाई सर. ते आवळायलाच उशीर झालाय. कशानं तरी त्याला झोपवलंय."

आम्ही तिच्या स्कूटरवरून वस्तीकडे निघालो, न्हावऱ्याच्या रस्त्यानं. पारगावचा भीमेचा पूल आला तशी तिनं स्कूटरचा वेग कमी केला. पलीकडे गेल्यावर म्हणाली, "साखर असणार सर. चिमूटभर साखरेनं सिमेंट आवळत न्हाई. आन् वस्तीवर गुऱ्हाळ एकच हाय."

मी म्हणालो, "मग मामांना आधी एकटं गाठून सांगा. घरातली गोष्ट आहे."

"चोर म्हणले तवा चारचौघांत म्हणले. मंग हे बी चारचौघांतच व्हायला पायजे."

बिरोबाच्या देवळापुढे माणसं जमली. मामा एका कडेला उकिडवा बसला होता, उपरणं गुडघ्यावर. तिनं लॅपटॉपवर सगळ्यांना खडी दाखवली, चंद्रकोरी दाखवल्या. म्हातारी माणसंसुद्धा वाकून बघत होती. सिमेंट पुरेपूर पडलंय, हे तिनं आधी सांगितलं. मामानं मान वर केली. मग तिनं विचारलं, "मामा, त्या दिशी खांब भरताना पाणी कुठनं आणलं?"

"बोरचं. पर मदीच मोटर जळाली. काम थांबाया नगं म्हणून मोटर नीट हुईस्तोवर म्या माझ्या टॅक्टरवर डरम आणलं."

"कसलं ड्रम?"

मामानं गुडघ्यावरचं उपरणं चाचपलं. मागून एक जण म्हणाला, "बिरा, काकवीचं डरम व्हय रं?"

"धुतलं व्हतं की," मामा हळूच म्हणाला. "चांगलं खळखळून धुतलं व्हतं."

"कडंला काकवी चिकटून ऱ्हाती मामा. तेवढी बास व्हती."

मामा भाचीकडे बघत राहिला. "म्हंजी म्या सिमीट खाल्लं न्हाई."

"न्हाई मामा."

"आन् खांब म्याच नासवला."

"व्हय मामा."

मला वाटलं, आता हा माणूस उठून निघून जाईल. घरच्या पोरीनं सगळ्या वस्तीदेखत त्याची चूक त्याच्या पदरात घातली होती. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि मग तो हसायला लागला. "मंग झालं! येडा म्हणा मला. जलमभर येडा म्हणा. चोर नगा म्हणू." बायकांमधून कुणीतरी नाक ओढलं. मघाचा मागचाच माणूस पुढे आला आणि त्यानं मामाला हाताला धरून उठवलं.

मी खुर्चीवर बसून होतो. मला खुर्ची मिळाली होती, चहाही मिळाला होता. माझ्या रिपोर्टमधला एकही आकडा चुकीचा नव्हता, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. पण माझ्या बरोबर आकड्यांनी एका माणसाला चोर केलं आणि तिच्या काळ्या-पांढऱ्या कापांनी त्याला सोडवलं, हे समोर दिसत असताना ते वाक्य तोंडातून निघेना. तिचा इतका हेवा मला आधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही. यंत्राचा नाही. आपल्या माणसाच्या आत काय निघेल याची धास्ती असूनही ती बघायला गेली, त्याचा.

मामानं स्वतः पहार घेऊन नासका पट्टा फोडला. खांब पुन्हा भरला गेला. त्या दिवशी मी चाचणीसाठी ओल्या काँक्रीटचे ठोकळे भरून घ्यायला हजर होतो. मिक्सर सुरू करा म्हणालो, तर मामा म्हणाला, "तुमी हायच वो सर, पर पोरगी यीस्तोवर थांबू." आम्ही थांबलो. ती आली, टाकीतलं पाणी बोटानं चाखलं, थुंकली आणि म्हणाली, "घ्या." सगळी वस्ती हसली.

पुढच्या वर्षी तिला दक्षिणेत एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. स्वतःचं यंत्र, स्वतःची माणसं. गाडी दौंडवरून होती. तिला पोचवायला कॉलेजातून मी एकटाच गेलो, आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर ती नक्की गाडीत बसते की नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मामा काकवीचा डबा घेऊन आला होता. "डबा नवाकोरा हाय," तो स्वतःच म्हणाला. गाडी हलली तेव्हा ती दारात उभी होती, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं मामाला काहीतरी खुणा करत. बहुधा रडत होती. ओढणीला भुकटी तेव्हाही होती. मग डबे एकामागून एक पुढे गेले आणि फलाट रिकामा झाला.

माझा प्रांत मला परत मिळाला होता. मी खोल श्वास घेतला. मामा जवळ आला आणि घसा खाकरून म्हणाला, "सर, नव्या खांबाला बारीक चीर दिसतीया. रविवारी याल का?"

"येतो की," मी ताठ होऊन म्हणालो.

"या. तुमच्या मोबाईलवर फोटू झ्याक येतो. तिला धाडू."

रविवारी मी गेलो. फोटो काढला, तिला पाठवला. चीर वरवरची होती, सुकताना पडलेली, हे मला बघताक्षणीच कळलं होतं, पण मला कुणी विचारलं नाही. आम्ही दोघं ओढ्याकाठी दगडावर बसून उत्तराची वाट बघत राहिलो. ते आलं. मी मामाला मोठ्यानं वाचून दाखवलं : "मामा, शितोळे सर तिथं हायत. काँक्रीट त्यांच्याइतकं आपल्याकडं कुणाला कळत न्हाई. त्यांनाच विचारा."

मामाला नीट ऐकू गेलं नसावं. म्हणून मी ते पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

"ते झालं," मामा म्हणाला. "पर चिरंचं काय म्हणली?"